आधीच दिलेली साक्ष

दि. ९ मार्च

प्रिय धाकटे,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. पाकिटावरचं अक्षर बघूनच पत्र कुणाचं ते तुला कळलं असणार, आणि तरी तू ते फोडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. चार वर्षांनी मोठ्या बहिणीचं पत्र आलं तर ते न वाचता टराटरा फाडायचा तुला पूर्ण हक्क आहे. पण आता इथवर आलीच आहेस तर बस, चहा टाक, आणि पुढचंही वाच.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. मी नाही लिहीत. तुझ्या भावोजींना दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळीच गेलं. औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होते. शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर होते म्हणून बचावले. पाटीवरचं शेवटचं अक्षर तेवढं राहिलं. तो दुकानदार इतका विचित्र माणूस आहे की पाटी दुसऱ्या कुणाकडून पुरी करून घेत नाही. म्हणतो, त्यांना बरं वाटलं की ते येऊन करतील. मला त्याचा रागही येतो आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. मी त्या रस्त्याने जायचंच सोडलंय.

बोलण्यापैकी एकच शब्द परत आलाय, 'बरं'. भूक लागली, बरं. पाठ खाजते, बरं. मी कडाडले तरी बरं. एवढी मोठमोठी अक्षरं काढणारा माणूस बायकोशी बोलताना कधी चार शब्दांच्या वर गेला नाही, आता एकावर आला, असं मी चिडवते तेव्हा ते तोंडाच्या डाव्या बाजूने हसतात. सकाळी त्यांचं सगळं उरकून, खुर्ची खिडकीशी लावून मी कामाला जाते. दुपारी शेजारची शिंपीण येऊन त्यांना भरवते. तिच्यासारखी बाई मिळायला नशीब लागतं.

काम तेच, बायंडिंगचं. तोच आपला कारखाना, त्याच सात पायऱ्या उतरून खाली, तोच खळीचा वास. शिलाईच्या टेबलावर आता सगळ्यांत जुनी मीच, त्यामुळे नव्या मुली मला घाबरतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या मंडळीची साठ गीतपुस्तकं दुरुस्तीला आली. सगळी उसवून, पानं सुटी करून परत शिवायची. तेव्हा एक लक्षात आलं. उपकारस्तुतीच्या गीतांची पानं जवळपास कोरी, आणि संकटातल्या गीतांची पानं बोटं लागून लागून काळी झालेली. रविवारी मोठ्याने म्हणतो ते निराळं, आणि एकटे असताना उघडतो ते निराळं. इतकी वर्षं मी त्याच पुस्तकातून गात होते, आणि हे मला कळायला ते फाडावं लागलं.

आता मुद्द्यावर येते. झटका आला तेव्हा पहिले सहा महिने मी कशी प्रार्थना करत होते ते तुला न सांगताही डोळ्यांपुढे येईल. मोठ्याने, हात वर करून. मी देवाला तारखाच देत होते. अमुक दिवसापर्यंत हात हलला पाहिजे. हलला नाही. मग आमच्या प्रार्थनागटाच्या बायका घरी आल्या. हाच गट मी बारा वर्षं चालवला. आता तो पोस्टात नोकरी करणारी, आपली पोस्टातली, चालवते. तिने माझा हात धरला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय."

धाकटे, मी तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा भरलेला. तशीच आत गेले आणि मोरीत ओतला. आणि तिथे नळाशी उभी असताना मला आठवलं की हे वाक्य तिचं नाहीच. ते माझं आहे. ती माझ्याकडूनच शिकली. दफनभूमीच्या फाटकाशी मी ते तुला ऐकवलं होतं.

त्यानंतर बरेच महिने मला प्रार्थना करता आली नाही. यांना आवडतं म्हणून रविवारी यांना उपासनेला घेऊन जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात, त्यात क्षमेची ओळ आली की मी नुसते ओठ हलवायचे. शेजारच्याला वाटावं की म्हणतेय.

मग ऑर्गनवाल्या आजी यायला लागल्या. तुला आठवत असतील, तेव्हाही म्हाताऱ्याच होत्या. दर गुरुवारी येतात, यांच्या पायाशी बसतात आणि यांची नखं कापतात. उपदेश नाही, वचन नाही, काही नाही. दोन-तीन गुरुवार बघितलं आणि न राहवून म्हटलं, "आजी, प्रार्थना नाही का करणार?" चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मग हे काय करतेय? हलू नको म्हणावं त्यांना, बोट कापेल."

तेव्हापासून मी परत सुरुवात केली. फार थोडी. आज त्यांना घास नीट गिळता येऊ दे. नाही आला गिळता, तरी तू इथेच थांब. एवढीच. आधी माझी देवावर केवढी सत्ता होती, आणि आता बघ, नुसतं थांब म्हणते. पण धाकटे, तो थांबतो. कसं ते मला सांगता यायचं नाही, पण थांबतो.

तर, फाटकाशी तुला जे बोलले ते चूक होतं. क्रूर होतं. तुझा विश्वास कमी पडला नव्हता. मला माफ कर. हेच लिहायचं होतं, बाकी काही नाही. तुझ्या रोपवाटिकेत आता कामाची घाई असेल. कंबर सांभाळ, कुंड्या एकटीने उचलू नकोस.

तुझी ताई


दि. २१ एप्रिल

प्रिय धाकटे,

सलाम. तुझं कार्ड पोचलं. दोनच ओळी. 'भावोजींना जप. ताई, जे लिहायचं होतं ते तू लिहिलेलं नाहीस.'

कार्ड हातात घेऊन मी अशी मटकन बसले की शिंपीण पाणी घेऊन धावली. तिला वाटलं कुणी गेलं. तुला काय ठाऊक आहे आणि काय नाही हे मला माहीत नाही. पण तू म्हणतेस ते खरं आहे. मागच्या पत्रात मी तुझ्या लेकीचं नाव एकदाही येऊ दिलं नाही. कागदभर इकडचं तिकडचं लिहिलं, यांच्या नखांपर्यंत गेले, पण तिच्यापाशी आले नाही.

खारूताई. घे, लिहिलं.

खारूताई म्हणायचो कारण पावाचा तुकडा दोन्ही गालांत कोंबून ती घरभर हिंडायची. सहा वर्षांची. हृदयाला जन्मापासून छिद्र. पळाली की ओठ निळे व्हायचे, तरी पळायची. मोठ्या दवाखान्याने त्या महिन्याची अठ्ठावीस तारीख दिली होती, तेव्हा बघू आणि शस्त्रक्रियेचं ठरवू म्हणून. हे सगळं तुलाच काय सांगायचं? पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी परत कुठेतरी वळेन.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे साक्षी असतात. ज्याला देवाने काही दिलं तो पुढे उभा राहून सांगतो. मी त्यात एक नवीनच काढलं होतं, आठवतं? मिळायच्या आधीच साक्ष द्यायची. मिळालं असं समजून आभार मानायचे, म्हणजे मग देव देतो. पोस्टातलीच्या नोकरीसाठी मी तशी दिली, तिला नोकरी लागली. पाळकांच्या भावाच्या डोळ्यासाठी दिली, डोळा सुधारला. मंडळीत माझी वाहवा झाली. माणसं वाटेत थांबवून म्हणायची, ताई, आमच्यासाठी पण द्या ना साक्ष. मी चढले. साफ चढले.

त्या आठवड्यात खारूताई जरा तरतरीत होती. तुमचा जिना तिने न थांबता चढला, आठ पायऱ्या. तेवढ्यावर मी रविवारी पुढे उभी राहिले आणि दोनशे माणसांसमोर म्हणाले की माझ्या भाचीचं हृदय प्रभूने बरं केलं, छिद्र बुजलं. बुजलं म्हणाले, बुजेल नाही. सगळी मंडळी उभी राहून गायली. तू माझा हात इतका घट्ट धरलास की अंगठी रुतली. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, धाकटे. देवावर तर ठेवलासच, पण माझ्यावरही.

आता पुढचं तुला कुणीच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कारखान्यात फोन आला. तुझ्या घरी फोन नव्हता, म्हणून दवाखान्याच्या कागदावर तू आमचा नंबर दिला होतास. मालक बाहेर गेले होते, मी खळीच्या हाताने फोन उचलला. दवाखान्यातली बाई होती. म्हणाली, "परवा बुधवारी एक मूल येणार नाहीये, जागा रिकामी झाली आहे. अठ्ठावीसपर्यंत थांबायला नको. मुलीला आणता का?"

मी म्हणाले, "मुलगी बरी झाली आहे. जागा दुसऱ्याला द्या."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आपण मुलीची आई का?"

मी म्हणाले, "हो."

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. त्याच्यापुढे आता अर्धा तास बसून आहे.

फोन ठेवला तेव्हा मला भीती वाटली नाही. उलट अभिमान वाटला. वाटलं, बघ, जागासुद्धा दुसऱ्याच्या लेकराला देऊन टाकली, केवढा हा विश्वास. टेबलाशी जाऊन मी गुणगुणत शिवत बसले. संध्याकाळी तुझ्या घरी आले, खारूताईला गोष्ट सांगितली, तुझ्या हातचं सूप प्यायले, आणि फोनबद्दल एक अक्षर बोलले नाही. का बोलले नाही? कारण बोलले असते तर तू तिला बुधवारी नेलं असतंस. आई होतीस, नेलंच असतंस. आणि मग मंडळी म्हणाली असती, ताईंनी रविवारीच साक्ष दिली, मग डॉक्टर कशाला? आतून मला कळत होतं, धाकटे. तो विश्वास नव्हताच. ती माझी अब्रू होती. देवाच्या नावाखाली मी माझी अब्रू सांभाळत होते, आणि ती सांभाळायला तुझं लेकरू वापरलं.

पुढच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, तुझ्या अंगणात. ते मी लिहीत नाही. ते तुझं आहे.

मग फाटकाशी तू मला विचारलंस, "ताई, आपलं काय चुकलं गं?" आपलं म्हणालीस. तुझं काहीच चुकलं नव्हतं आणि तू स्वतःला माझ्याबरोबर धरलंस. तेव्हा माझ्या तोंडातून निघालं की विश्वास कमी पडला. मी तुला दोष दिला, असं तुला वाटलं आणि सगळ्यांना वाटलं. खरं तर मी लपत होते. समोर सापडलं ते भांडं उचलून तोंडापुढे धरावं, तसं ते वाक्य धरलं.

यांच्या डॉक्टरांना मी मध्ये एकदा आडून विचारलं. कुणा लांबच्या नातेवाइकाचं सांगून. ते म्हणाले, सांगता येत नाही, तशा मुलांत काही वाचतात, काही शस्त्रक्रियेतच जातात. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची इतकी शिसारी आली की दवाखान्याच्या दारातच उलटी झाली. ती वाचली असती की नसती, हे मला माहीत नाही. तो निर्णय तुझा होता आणि मी तो चोरला, एवढं माहीत आहे.

हे मी सगळ्यात आधी यांना सांगितलं. जानेवारीत, दाढी करताना. अर्ध्या गालावर फेस, हातात वस्तरा, आणि मी बोलायला लागले ते थांबेचना. सगळं ऐकून हे म्हणाले, "बरं." माझा असा भडका उडाला! म्हटलं, "बरं काय बरं? तुमच्या बायकोने काय केलं ते कळतंय का तुम्हाला?" ते रडत होते. डाव्या हाताने त्यांनी माझं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं. माझ्या केसांना सगळा फेस. तसे आम्ही दोघं बसून राहिलो, आणि मला कामाला उशीर झाला. आयुष्यात पहिल्यांदा.

दोन दिवसांनी त्यांनी पाटी मागितली. डाव्या हाताने अक्षरं काढायचा सराव करतात ना, ती पाटी. वाकडंतिकडं लिहिलं, 'पत्र'. मग मी तुला मार्चमधलं पत्र लिहिलं. लिहून त्यांना वाचून दाखवलं, मोठ्या ऐटीत. आणि त्या वेळी हे बरं म्हणाले नाहीत. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. तरी मी ते तसंच पोस्टात टाकलं. बघ, अजून माझं काय चाललं होतं ते.

धाकटे, या पत्रात मी माफी मागत नाही. मागच्या वेळी स्वस्तात मागून घेतली होती. कुणाची, कशाची, हे न सांगता. आता तुला सगळं ठाऊक झालं, पुढचं तुझ्यावर. तू कधीच उत्तर दिलं नाहीस तरी मला समजेल. पण एक मनात आहे ते सांगते. खोटी साक्ष मी मंडळीपुढे दिली, तेव्हा खरं काय तेही मंडळीपुढे सांगायला हवं. आजी म्हणतात, आधी बहीण, मग मंडळी. तुला नको असेल तर मी तोंड उघडणार नाही. ती तुझी लेक आहे. तिचं नाव मी तुला न विचारता पुन्हा कुठे घेणार नाही.

एवढं लिहून झालं आणि सांगायला लाज वाटते, पण आज सकाळी उपासनेत क्षमेची ती ओळ आली तेव्हा माझा आवाज निघाला. फाटका, बेसूर, पण निघाला. देवाने काही दिलं म्हणून नाही. लपायला जागा उरली नाही म्हणून असेल.

तुझी ताई

ता. क. यांना वाचून दाखवलं. पाकिटाला डिंक त्यांनीच लावला, म्हणून ते असं चिकट झालंय.


दि. २८ मे

प्रिय धाकटे,

सलाम. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज थोडं वाचते आणि घडी घालून ठेवते. एका बैठकीत वाचण्यासारखं ते नाही.

म्हणजे तुला ठाऊक होतं. त्याच वर्षी, कागदपत्रं आणायला तू त्या दवाखान्यात गेलीस आणि खिडकीतली बाई तुला म्हणाली, "आम्ही बोलावलं होतं की, तुम्हीच म्हणालात जागा दुसऱ्याला द्या." आणि तू तिला सांगितलंस, "हो, मीच म्हणाले होते."

ही ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि सात पायऱ्या चढून रस्त्यावर गेले. नव्या मुली दारात येऊन बघायला लागल्या. रस्त्यावर उभी राहून मी रडले, धाकटे. भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. तुझी लेक गेलेली, आणि एका परक्या बाईपुढे तू माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलंस. तू लिहितेस, 'तिथे तुझी अब्रू घालवून मला काय मिळणार होतं? पण मनात म्हटलं, हे ओझं ताईचं आहे, ती कधीतरी येऊन परत नेईल. मी चार वर्षं वाट बघितली. लोकांना वाटतं मी देव सोडला. मी देव नाही सोडला, ताई. तुला सोडलं.'

मी केवढी मूर्ख! इतकी वर्षं मी इथे बसून तुझ्या विश्वासासाठी प्रार्थना करत होते. माझी बहीण देवापासून दूर गेली, तिला परत आण म्हणून. आणि तू तिकडे दर रविवारी त्या छोट्या प्रार्थनाघरात, वाळलेल्या फुलांच्या टोपलीशेजारी, मागे बसत होतीस. एकही शब्द न बोलता. तू लिहितेस की पहिलं वर्षभर तू तिथे फक्त भांडायला जायचीस. दुसऱ्या वर्षी भांडण संपलं, पण उठून जावंसं वाटलं नाही. तुझं हे वाक्य मी आजींना वाचून दाखवलं. त्यांनी नखं कापायची थांबवली आणि म्हणाल्या, "ही मुलगी तुझ्या पुष्कळ पुढे आहे गं." मी म्हटलं, आहेच. मोठी फक्त मी वयाने.

माफीबद्दल तू जे लिहिलंस ते मी जसंच्या तसं घेतलं. 'सकाळी केलेली असते, संध्याकाळी नसते. उद्याचं मला विचारू नकोस.' नाही विचारणार. तू खोटं गोड लिहिलं असतंस तर मला सहन झालं नसतं. या घरात खोट्या गोडाचं पुरे झालं.

आणि साक्षीबद्दल तू लिहिलंस, 'बोलणार असशील तर मी समोर असताना बोल. माझ्या पाठीमागे माझ्या लेकीबद्दल पुन्हा काही बोलायचं नाही.' बरोबर आहे. येत्या रविवारी, दोन तारखेला, महिन्याचा पहिला रविवार आहे. सकाळी नऊला.

मी पाळकांकडे गेले होते. हे नवीन आहेत, तरुण, तू बघितलेलं नाहीस. सगळं ऐकून बिचाऱ्यांनी टेबलाचा खण उघडला. दोन खडीसाखरेचे खडे तोंडात टाकले, एक मलाही दिला. मग म्हणाले, "ताई, साक्षीच्या वेळेला लोक आभार मानायला येतात. कबुलीसाठी माझी मागची खोली आहे, तिथे आपण दोघं शांतपणे प्रार्थना करू. मंडळीसमोर कशाला? तुमचं नाव आहे." मी म्हटलं, "पाळकसाहेब, खोटं मी पुढे उभी राहून बोलले. खरं मागच्या खोलीत कसं बोलू? आणि नावाचंच तर सगळं झालं." ते उठून वही घेऊन आले. मग त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं, साक्षींच्या यादीत, सगळ्यात शेवटी. पोस्टातलीच्या नंतर. तिला नवं घर मिळालंय.

तिलाही मी जाऊन भेटले. कपाची माफी मागितली आणि रविवारी काय बोलणार तेही सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ताई, मग माझी नोकरी? तीही देवाने दिली नव्हती का?" मी म्हटलं, बाई, दिली असेल, पण मी तिची पावती आधी फाडली म्हणून नाही. ती हसली नाही. तिला वेळ लागेल. मलाही लागलाच की.

मला भीती वाटते आहे. लोक काय म्हणतील याची नाही असं लिहिणार होते, पण तीही आहेच. पस्तीस वर्षं ज्या माणसांत उठले-बसले, ती मला काय समजतील? गटातल्या दोघी-तिघी परत माझ्या दारात येणार नाहीत हे मी धरूनच चालले आहे. पण त्याहून मोठी भीती ही की तू येणार नाहीस. आणि त्याहून मोठी, की येशील. पहाटे लवकरच जाग येते. तेव्हा जी काही प्रार्थना सुचते ती करते. तू यावंस असं मागते. तुझं मन वळावं असं मागत नाही, त्यात हात घालायचा मला अधिकार नाही. आणि काय होईल ते होऊन गेल्यासारखे आभारही मानत नाही. रविवारी जे होईल त्यात देव माझ्यापाशी असेल आणि तुझ्यापाशीही असेल, एवढ्यावर मी उभी राहणार आहे. पूर्वीच्या मला हा विश्वास फारच तुटपुंजा वाटला असता. मला तेवढाच खरा मिळालाय.

बोलायचं काय ते कागदावर लिहिलं नाही. फोनवर काय बोलले ते शब्द सांगेन. 'हो' म्हणाले तेही सांगेन. तुझं नाव घेणार नाही. दवाखान्यातल्या खिडकीशी तू काय केलंस ते सांगायचं की नाही हे तूच ठरव. मला वाटतं, ते तुझं आणि देवाचं. हे माझ्या शेजारी खुर्चीत असतील. नको म्हटलं, लोकांत अवघड होईल, तर पाटीवर लिहिलं, 'मी पण.' कोट इस्त्री करून ठेवायला लावलाय.

बसचं सांगते. साडेआठची पोचते, मग चालत पाच मिनिटं. आमच्याकडे उतरायचं असेल तर खोली झाडून ठेवली आहे, नसेल तर शिंपिणीकडे सोय होईल, तिला मी सांगितलंय. कुठे उतरायचं ते तू बघ.

तू आलीस तर मी तुझ्याकडे बघणार नाही, त्याचा राग मानू नकोस. बघितलं तर माझ्याने पुढचं वाक्य व्हायचं नाही. पुढे बस, मागे बस. मध्येच उठून जावंसं वाटलं तर जा, कुणाची भीड धरू नकोस. ते मोठं दार करकरतं आणि सगळे वळून बघतात, म्हणून मी सांगून ठेवलंय की त्या दिवशी ते उघडंच राहू द्या.

तुझ्या खारूताईची मावशी